सूर जाईपर्यंत

श्रुतिकाने काळी पट्टी दाबली आणि बोट न उचलता ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

सूर घुमला, हळूहळू पातळ होत गेला आणि सेकंदकाटा तीनच्या आकड्यापुढे सरकल्यावर कानाला लागेनासा झाला. तिने वाकून कान पियानोजवळ नेला, खात्री करून घेतली आणि मगच बोट उचललं.

"सतरा," ती सासूला म्हणाली.

रखमाने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे चौदा वर्षं एका घरात काढूनही श्रुतिकाला ओळखता येत नव्हतं.

महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर अनुपमाबाईंचं वाद्यांचं दुकान होतं. दुकान पुढे आणि गाण्याचा क्लास मागे, मध्ये एक पडदा. पूर्वी ते खाली रस्त्यालगत होतं, पण पुरानंतर बाईंनी लाकडाची आणि विजेची वस्तू तळमजल्यावर ठेवायची नाही असं ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाइकं त्यांनी हर तऱ्हेची पाहिली होती. कुणी आल्या आल्या एका बोटाने सिनेमातलं गाणं वाजवतं, कुणाची पोरं पट्ट्यांवर तबला बडवतात. पण तोच एक सूर पाच वेळा दाबून घड्याळ बघणारी बाई त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"एखादी ओळ वाजवून बघा ना," त्या म्हणाल्या. "एका सुरावर काय कळणार?"

"आम्हाला एकच लागतो," श्रुतिका बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे, मुलीला शिकायचंय. आठ वर्षांची आहे. पण आधी सूर बघावा म्हटलं."

"मुलगी नवीनच शिकणार असेल तर हाच घ्या." मुलीचं नाव निघताच बाईंना बळ आलं. "डिजिटल पियानो. पट्ट्या जड आहेत, बोटांना वळण लागतं. जोरात दाबली की मोठा आवाज, हलकी दाबली की लहान. तो पलीकडचा कीबोर्ड दिसायला झकास, चारशे आवाज आहेत त्यात, सनई म्हणू नका, पेटी म्हणू नका. पण मुलं बटणंच दाबत बसतात, शिकत काही नाहीत. आणि बसून वाजवा हो, बाकावर जागा आहे."

बाक दोघांपुरता होता. रखमा त्याच्या अगदी कडेला बसली होती, आणखी बोटभर सरकली असती तर पडलीच असती. उरलेला बाक मोकळा होता.

"राहू दे," श्रुतिका म्हणाली. "मी उभीच बरी."

"बरं, पॅडल दाखवते." बाई स्वतःच त्या मोकळ्या जागेवर बसल्या. पायाने पॅडल दाबून त्यांनी दोन सूर वाजवले, तिसऱ्याला हात थांबला, आणि त्या उठल्या. का उठल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी पदर सारखा केला, बाकाकडे एकदा पाहिलं आणि उरलेलं सगळं उभ्यानेच दाखवलं.

रखमा त्या मोकळ्या जागेकडे बघून किंचित हसली. श्रुतिकाने ते पाहिलं आणि घाईघाईने घड्याळाकडे नजर वळवली.

पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी होती. अठरा घरं, त्यातली सात बंद. या वाडीत माणूस गेलं की बाराव्याला दिवेलागणीच्या वेळी भजन व्हायचं आणि भजनाच्या शेवटी पेटीवर एक सूर दिला जायचा. काळी एकचा सा. वाजवणारा भाता एकदाच पूर्ण भरायचा आणि हात काढून घ्यायचा. पट्टीवर बोट मात्र तसंच ठेवायचं. भात्यातली हवा संपत जाईल तसा सूर लहान होत जायचा आणि आपोआप विझायचा. तोवर कुणी बोलायचं नाही, पोरांनीसुद्धा खोकायचं नाही. सूर विझला की गेलेलं माणूस वाटेला लागलं असं धरायचे, आणि मग चहा व्हायचा. हे कुणी सुरू केलं, शेजारच्या वाड्यांत का नाही, असले प्रश्न वाडीला कधी पडले नव्हते.

मुंबईची नोकरी सुटून घरी आल्यापासून हा सूर द्यायचा तो श्रुतिकाचा सासरा गोमाजी. त्याच्या हाताने सात-आठ माणसं तरी वाटेला लागली असतील. गेल्या वर्षी तो स्वतः गेला, तेव्हा पेटी उघडली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. दोन वर्षं तो दम्याने अंथरुणाला खिळला होता आणि तेवढ्यात वाडीत कुणी गेलंही नव्हतं, पेटीकडे बघणार कोण? मेलेल्या माणसासाठी दुसऱ्या वाडीची पेटी मागायची सोय नव्हती, कुणी दिलीच नसती. मग मुलाने, म्हणजे श्रुतिकाच्या नवऱ्याने, दीपेशने, त्याच्या मुंबईतल्या भजनी मंडळाचा कीबोर्ड आणला. त्यात पेटीचा आवाज होता. थेट पेटीच, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. भजन रंगलंही.

शेवटी दीपेशने काळी एक दाबली आणि सगळे सूर जायची वाट बघत बसले.

सूर गेला नाही. जाणार कसा? त्याला भाता नव्हता, हवा नव्हती, वीज होती आणि दीपेशचं बोट होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सूर होता तेवढाच, तसाच. पोरं आयांच्या मांडीवर झोपून गेली. कुणीतरी हळूच म्हणालं, बटण बंद करा. तेव्हा वाडीच्या भजनातला सर्वांत जुना माणूस भिकाजी म्हणाला की ते गळा दाबल्यासारखं होईल. अर्धा तास उलटल्यावर दीपेशच्या हातात गोळा आला आणि बोट आपसूक उचललं गेलं. सूर मध्येच तुटला. त्या दिवशी कुणी चहाला थांबलं नाही.

दीपेश कीबोर्ड घेऊन मुंबईला गेला. नंतर पंधरा दिवसांनी श्रुतिकाच्या लक्षात आलं की पूजा, तिची मुलगी, अंगणातून धावत आत येते आणि ओटीवर दाराच्या अलीकडे मध्येच वळसा घालते. सासऱ्याचं अंथरूण असायचं बरोबर तिथे. अंथरूण तर कधीच काढलं होतं.

"असं का गो जातेस?" तिने विचारलं.

"मग काय आजोबांच्या अंगावर पाय देऊ?" पूजा म्हणाली आणि हातातला पेरू खात आत गेली.

सवय असेल, श्रुतिकाने स्वतःची समजूत घातली. रखमाही तिथून वळून जायची, तीही सवयच. आपणही तसंच जातो हे एके दिवशी ध्यानात आलं, पण त्यालाही सवय म्हणून मोकळं होता आलं. मग दिवाळीत विजेचं मीटर बघायला नवा माणूस आला. वाडीत तो पहिल्यांदाच येत होता. चपला काढून तो सरळ मीटरकडे निघाला आणि ओटीवर त्या जागेपाशी पाय आखडून, वळसा घालून गेला. जातानाही तसाच गेला.

घर थांबलं होतं. माणूस श्वास आत घेतो आणि सोडायच्या आधी क्षणभर थांबतो, तेवढ्यातच ते अडकून पडलं होतं. आणि श्रुतिकाला निघायचं होतं. दीपेशला कळव्याला खोली मिळाली होती. वाडीच्या शाळेत चार मुलं उरली होती, जूनपासून पूजाला तिकडच्या शाळेत घालायचं ठरत होतं. रखमाला चला म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"ते हायत तवर मी दार लावून कशी येऊ?"

सत्तरीला टेकलेल्या बाईला त्या घरात एकटं सोडून जायचं श्रुतिकाच्या जिवावर येत होतं, आणि पोरीला त्या ओटीवर आणखी एक वर्ष वाढवायचं त्याहून जास्त. शेवटी भिकाजीनेच तोड काढली. वर्षाच्या आत नीट सूर दिला तर चालतं, तो म्हणाला, वर्षश्राद्धाला देऊन टाका. वर्षश्राद्ध आता आठ दिवसांवर आलं होतं. नवी पेटी घ्यावी म्हणून श्रुतिकाने आधी अनुपमाबाईंनाच फोन केला होता. पेटी ऑर्डर देऊन मागवावी लागते, दीड महिना तरी लागेल, बाई म्हणाल्या होत्या. मग दीपेश म्हणाला, पियानो बघ, त्याचा सूर आपोआप जातो, आणि नंतर पूजालाही शिकता येईल.

आणि खरंच जात होता. सतरा सेकंदांत, कुणी हात न लावता.

"हाच घेऊ," श्रुतिका म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "आत्या, हाच ना?"

"तू म्हनशील तो," रखमा म्हणाली.

पियानो स्टँडसकट जड होता, एसटीत घेणं शक्यच नव्हतं. श्रुतिका मिनिडोर ठरवायला खाली उतरली. दुपारचं ऊन रणरणत होतं, नाक्यावर दोनच गाड्या उभ्या होत्या आणि एवढ्या वर वाडीपर्यंत यायला दोन्ही गाडीवाले खळखळ करत होते. एकाला कसाबसा पटवून, गाडी गल्लीत आणायला सांगून ती परतली, त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. एक ओझं उतरल्यासारखं तिला वाटत होतं. जिना चढताना ती मनातल्या मनात कळव्याच्या खोलीत भांडी कुठे ठेवायची याचा विचार करत होती.

अर्ध्या जिन्यात तिला पेटी ऐकू आली.

एकच सूर होता. तो वाढत नव्हता, कमी होत नव्हता. ती तिथेच कठडा धरून उभी राहिली. सूर जायची वाट बघायची तिला सवय लागली होती, म्हणून तिने वाट पाहिली. मग ती उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

रखमा पलीकडच्या कीबोर्डसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मधलं बोट काळ्या पट्टीवर होतं, डोळे मिटलेले. अनुपमाबाई पडद्यापाशी हात बांधून उभ्या होत्या आणि त्यांना स्वतःच्याच दुकानात परक्यासारखं वाटत असावं.

"कधीपासून?" श्रुतिकाने विचारलं.

"तुम्ही गेल्यापासून. पेटीचा आवाज लावून द्या म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, हौस असेल."

"आत्या, बोट उचला."

रखमाने डोळे उघडले आणि बोट उचललं. सूर तुटला.

"ह्यो घ्यायचा," ती म्हणाली.

"आत्या, हा तसलाच आहे. ह्यांनी आणलेला तसला. ह्याच्यावर सूर जात नाय."

"म्हाईत हाय."

अनुपमाबाईंना काय कळलं कोण जाणे, पण चहा टाकते म्हणत त्या पडद्याआड गेल्या. श्रुतिका सासूसमोर खाली जमिनीवर बसली. घरी ती तिच्याशी बोलायला अशीच बसायची.

"आठ दिवसांवर वर्साचं आलंय," ती हळू म्हणाली. "भिकाजीकाका म्हणालेत, ह्यानंतर परत देता येणार नाय. मग ते तसेच राहतील."

"भिकाजीला बोलाया काय जातंय? त्याची बायको जलमभर त्याच्यासंगं ऱ्हायली." रखमाचा आवाज चढला नव्हता, ती भाजीचं काय करायचं ते सांगावं तसं बोलत होती. "चाळीस वरसं हे मुंबयला. शिमग्याला आठ दिस यायचे, गनपतीला आठ दिस. पोर झालं तवा नव्हते, सासू मेली तवा दुसऱ्या दिशी आले. मग गिरन सुटली आनी घरी आले. नऊ वरसं, गो. माझ्या वाटनीला नऊच वरसं आली, त्यातली दोन दम्यानं खाल्ली. वाटंला लावायची घाई तुमाला. मला नाय."

एवढं सलग बोलताना तिने सासूला कधी ऐकलं नव्हतं.

"आणि त्यांना त्रास होत असला तर?"

हे रखमाला लागलं. ती पट्ट्यांकडे बघत बसली, एका पट्टीवरची न दिसणारी धूळ तिने पदराने पुसली.

"मी रोज इचारते त्यांना," ती म्हणाली. "रोज सांजंला. काय बोलत नायत."

"मग?"

"बोलत नायत म्हंजे बरे आसतील."

तिचं तिलाच ते पटलेलं नव्हतं. श्रुतिकाला तिची दया आली, आणि त्याहून जास्त ओटीवरच्या त्या जागेची. दोन वर्षं श्वासासाठी झगडलेला माणूस तिथे अजून श्वास धरून बसला होता. तिला वाटलं आत्ता उठावं, पियानो बांधून घ्यावा आणि म्हातारीचं काही ऐकू नये.

"आनी तुमी जा मुंबयला," रखमा म्हणाली. "जूनला जा. पोरीची शाळा बघा. मी कुठं आडवलं?"

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"येकटी कुठली गो मी?"

हे ऐकून श्रुतिकाला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. पूजाचा हात धरून ती वाडीच्या पायवाटेने खाली उतरतेय, मागे वळून न बघता, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

"पन येक करायचं," रखमा म्हणाली. "माझं होईल तवा दीपेशला बसवू नको. त्याचं मन कच्चं हाय, तो भात्याची पेटी हुडकत बसंल. तू बस. ह्याच्यावर, ह्योच आवाज लावून. आनी मदीच बोट उचल."

खाली गल्लीत मिनिडोर येऊन थांबल्याचा आवाज आला. श्रुतिकाला सगळं एकदम उमगलं. म्हातारीलाही त्या ओटीवरच राहायचं होतं.

"आत्या, असलं काय मागताय?"

"आजवर दुसरं काय मागितलं तुज्याकडं?"

काहीच नाही. लग्न होऊन आली तेव्हा श्रुतिकाला चुलीवर भाकरी येत नव्हती, तेव्हाही रखमा एक शब्द बोलली नव्हती. दुसरं पोर पोटातच गेलं तेव्हा तीन महिने या बाईने तिला विहिरीवर जाऊ दिलं नव्हतं.

रखमाने तिचा हात धरून तिला उठवलं. स्वतः खुर्चीवरून उठली आणि तिला बसवलं. मग तिचं मधलं बोट धरून काळ्या पट्टीवर ठेवलं. म्हातारीचे हात गार होते.

"दाब."

"आत्या, नको."

"शिकाय नको? ऐन टायमाला हात कापंल तुजा. दाब."

श्रुतिकाने पट्टी दाबली. सूर निघाला आणि सगळ्या दुकानात भरला. पियानोसारखी ही पट्टी जड नव्हती, नुसतं बोट टेकवलं तरी पुरत होतं.

"लोकं बसलेली आसतील," रखमा तिच्या कानाशी सांगत होती. "भिकाजी आसला तर तुज्याकडं बघंल. दीपेश रडंल. कुनाकडं बघायचं नाय. पूजाला लांब बसव."

पडदा सरकला. अनुपमाबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि जिथल्या तिथे थांबल्या. खालून मिनिडोरवाल्याने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. सूर चालूच होता. श्रुतिकाला वाटलं, हे बोट असंच ठेवावं. धरून ठेवलंय तोवर कुणी मेलेलं नाही, कुणी मागे राहिलेलं नाही, तिने कुणाला शब्द दिलेला नाही. तिने पियानोकडे पाहिलं. तिथून उठून दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. सासूचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो दाबत नव्हता, नुसता ठेवलेला होता.

"आता," रखमा म्हणाली.

श्रुतिकाचे डोळे भरून आले होते, समोरच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिने बोट उचललं.

दुकान एकदम गप्प झालं. अनुपमाबाईंच्या हातातले कप बशीवर वाजले.

"हां," रखमा म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आसंच."